सासूने राखलेलं गोंदण

अगो सूनबाई पमे, मनानं तरी जवळ येऊन बस. फोटोत तुझा नवा टॅटू बघितला. खपलीवर नखांचे ओरखडे दिसले. असं खाजवतात होय गो?

लग्नानंतर मी मनगटावर तुळस गोंदवली, तेव्हा हात टरारून सुजला. त्यात घरात रोज टोपलीभर बांगडे खारवायचे होते. सासूनं माझा हात मागे ओढला. "मिठात घालू नको. हात कुसलो तर तुझ्या बापाशीक काय सांगू?"

गोंदणावर खोबरेल-हळद लावून आठ दिवस खारवणं तिनंच केलं. वर टोमणा, "बस गो राणी, तुझो हात सोन्याचो."

त्या दिवसांत ती भात चमच्यानं खायची. मला तो शिष्टपणा वाटायचा. मिठानं तिची बोटं चिरली असतील, हे आता कळतं.

तू लवकर ये. खपली पडेपर्यंत राहा, भांडी मी घासीन.