त्रेचाळिसांतला एक वाटा

देवरे सरांच्या सायकलच्या कॅरिअरवर एक सुती दोरी कायम गुंडाळलेली असायची. दर फुटाला गाठ, दर दहाव्या फुटाला लाल कापडाचा तुकडा आणि टोकाला किराणा दुकानातलं जुनं लोखंडी वजन. धुळ्याच्या कॉलेजात मी भौतिकशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात कुणीतरी मला सांगितलं, "ते भूगोलाचे निंबा देवरे. विहिरी मोजतात." सांगणारा हसला, म्हणून मीही हसलो.

सर मुकटीचे. गावात एम. ए. झालेले पहिले. एम. ए. करताना त्यांनी भूजलावरचं एक पुस्तक वाचलं होतं. त्यात धुळे तालुक्यापुढे "माहिती उपलब्ध नाही" एवढंच छापलेलं होतं. ते त्यांना फार लागलं. १९६० च्या पावसाळ्यानंतर त्यांनी बेचाळीस गावांतल्या बेचाळीस विहिरी निवडल्या. प्रत्येक विहिरीवर एक माणूस ठरवला आणि त्याला स्वतः गाठी मारलेली दोरी दिली. आठवडे बाजाराच्या दिवशी पहाटे, मोट किंवा इंजिन चालू होण्याआधी, काठापासून पाण्यापर्यंत किती गाठी उतरतात ते मोजायचं. ज्यांना लिहिता येई ते चिठ्ठी घेऊन बाजारात येत. ज्यांना येत नसे ते घराच्या भिंतीवर कोळशाने रेघा मारत आणि सर रविवारी सायकलवर जाऊन त्या उतरवून घेत. असं दहा वर्षं चाललं होतं. एकही आठवडा रिकामा नव्हता.

१९६८ साली पुण्याच्या एका त्रैमासिकात यावर त्यांचा इंग्रजी निबंध छापून आला. तो यायला चौदा महिने लागले, कारण सरांनी लेखक म्हणून त्रेचाळीस नावं दिली होती. आधी बेचाळीस मोजणारे आणि शेवटी ते स्वतः. संपादकांनी लिहिलं, गावकऱ्यांचे आभार माना, पुरे आहे. सरांनी उलट लिहिलं, "आभार कशाचे? मोजलं त्यांनी." शेवटी संपादक कंटाळले.

स्टाफरूममध्ये त्यावरून थट्टा चाले. रसायनशास्त्राचे डॉ. रतनलाल चोरडिया एकदा म्हणाले, "देवरे सर, आमच्या लग्नाच्या पत्रिकेतही एवढी नावं नसतात हो."

"पत्रिकेतल्यांनी काम कुठे केलेलं असतं?" सर म्हणाले आणि वह्या तपासत राहिले. चोरडियाच सगळ्यांत मोठ्याने हसले.

१९७० च्या डिसेंबरात संस्थेने ठरवलं की संशोधन करणाऱ्यांना शिकवायचे तास निम्मेच द्यायचे आणि त्यांची बदली करायची नाही. बाकीचे बदलीस पात्र. संस्थेने सातपुड्याच्या पायथ्याशी नवं कॉलेज काढलं होतं आणि तिथे जायला कुणी तयार नव्हतं. आता संशोधन कुणाचं खरं, हे ठरवायचं कसं? प्राचार्यांनी मला बोलावलं. मी आकड्यांचा माणूस, हिशेबाची सरकपट्टी, म्हणजे स्लाइडरूल, खिशात घालून फिरणारा. त्यातून परदेशात निबंधांचे संदर्भ मोजून संशोधकाचं वजन ठरवतात, असं मी कुठेसं वाचलं होतं आणि स्टाफरूममध्ये ऐकवलंही होतं.

"वशिला नको, ओरड नको," प्राचार्य म्हणाले. "असा तक्ता कर की कुणाला बोट ठेवता येणार नाही."

मी जीव तोडून केला. चाळीसगावला गाडी बदलून मुंबईला गेलो आणि चार दिवस एका ग्रंथालयात जाडजूड सायटेशन इंडेक्स चाळत बसलो. कोणाचा निबंध कोणी आपल्या निबंधात नोंदवला, याच्या बारीक टायपातल्या याद्या. चोरडियांचे एकोणीस निबंध होते आणि सदतीस नोंदी. त्यांतल्या एकवीस त्यांच्याच गुरूंच्या प्रयोगशाळेतल्या निघाल्या. त्या वगळून उरलेल्या प्रत्येक नोंदीला मी एक गुण दिला. रसायनवाले एका निबंधात वीस संदर्भ देतात, भूगोलवाले पाच. म्हणून भूगोलाच्या नोंदींना मी चाराने गुणायचं ठरवलं. विषयाविषयांत अन्याय नको. आणि रसायनवाले एकमेकांची नावं घुसडतात, म्हणून प्रत्येक निबंधाचे दहा गुण लेखकांच्या संख्येने भागायचे. हा नियम मला स्वतःला सुचला होता आणि त्याचा मला अभिमान होता. संस्थेच्या समितीला तक्त्याची रीत पसंत पडली. पाच गुणांच्या खाली असेल तो बदलीस पात्र, असं त्यांनी ठरवून टाकलं.

मग मी देवरे सरांची ओळ भरायला घेतली. मराठीतले दोन लेख मान्य नियतकालिकांत नव्हते, ते बाद. इंग्रजी निबंध एक. दहा भागिले त्रेचाळीस. स्लाइडरूलवर शून्य पूर्णांक तेवीस शतांश आले. नोंदी शून्य, आणि शून्याला चाराने गुणलं तरी शून्यच. खरं तर त्यांचे आकडे एका सरकारी अहवालात पानभर वापरलेले मी पाहिले होते. खाली लिहिलं होतं, "स्थानिक माहितीनुसार".

तक्ता घेऊन मी त्यांच्या खोलीवर गेलो. ते दोरीला गाठी मारत होते. त्यांनी आकडा पाहिला.

"बरोबर भागलंयस," ते म्हणाले.

"सर, एक करा. एका कागदावर लिहून द्या की लेखक तुम्ही एकटे, बाकीचे मदतनीस. मग दहा होतात. प्राचार्यांना चालेल, मी विचारलंय."

"आणि नाही दिलं तर?"

"तर जूनपासून सातपुडा. मग बाजार कोण करणार? बेचाळीस गावं कोण फिरणार?"

त्यांनी हातातली गाठ आवळली. "त्यांना विचारतो," म्हणाले.

पुढच्या बाजारी मी त्यांच्याबरोबर गेलो. गुळाच्या दुकानांमागे एका लिंबाखाली ते बसत. एकेक जण चिठ्ठी देई आणि सर त्याला विचारत, निबंधातून तुमचं नाव काढलं तर चालेल का. सगळ्यांचं उत्तर एकच, काढा की. सोनगीरचा हिलाल तर खदाखदा हसला. "आसं शे का? तरीच मले कोनी पी-यच-डी म्हनत नही! काढा मास्तर, नाव काढानं आनि दोरी तेवढी ऱ्हाऊ द्या. मनी बकरी बांधेल शे तिले."

शेवटी न्याहळोदची भिकुबाई आली. तिचा नवरा चिंधा आठ वर्षं मोजायचा. निबंध छापून आला त्याच साली तो कावीळ होऊन गेला. तेव्हापासून दोरी ती सोडायची. छापलेलं पान तिने देवाच्या तसबिरीमागे ठेवलं होतं. सरांनी सगळं समजावून सांगितलं. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"काढी टाका ना मास्तर. आमले काय करनं त्या नावनं," ती म्हणाली. मग टोपली उचलता उचलता थांबली. "पन एक सांगा. आठ साल पहाटमा ऊठीसन ह्यासनी दोरी सोडी. मंग ते कोनं मोजं, आसं लिखशात?"

भांडण म्हणून नव्हे, खरंच जाणून घ्यायचं म्हणून तिने विचारलं होतं. परत येताना सायकल हातात धरून सर चालत राहिले. कॉलेजच्या फाटकाशी म्हणाले, "तक्ता देऊन टाक."

मी दिला. चोरडिया संध्याकाळी माझ्या खोलीवर आले. त्यांचे गुण पासष्टच्या वर गेले होते. "अरे, माझ्यातले पाच काढून त्यांच्यात घालता येतात का?" त्यांनी विचारलं. तसा नियम नव्हता.

१९७१ च्या जूनमध्ये सर गेले. जाताना मी त्यांना म्हणालो, "मोजणी मी चालवतो." त्यांनी बेचाळीस नावांची वही माझ्या हातात दिली. मी चार बाजार केले. पाचव्याला प्रयोगशाळेत नवी उपकरणं आली होती, सहाव्याला पाऊस होता. मग गावी, पिंप्राळ्याला, आई आजारी पडली, म्हणून दोन बाजार चुकले. त्यानंतर जायची लाज वाटू लागली आणि लाजेपायी मी आणखी टाळलं. वही टेबलाच्या खणात राहिली.

पुढचे दोन पावसाळे कसे कोरडे गेले ते सगळ्यांना ठाऊक आहे. १९७३ च्या मार्चमध्ये टंचाईच्या कामावरचा एक अधिकारी कॉलेजात आला. कोणत्या गावाची विहीर किती वेगाने उतरते आहे, बोअरची मशिनं आधी कुठे पाठवायची, याला आधार म्हणून त्याला देवरेंचे आकडे हवे होते. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. सरांचे आकडे जून ७१ ला थांबले होते, त्यापुढे माझे चार बाजार.

मी सायकल काढून न्याहळोदला गेलो. भिकुबाईच्या दारात रिकामे हंडे उपडे घातलेले होते. मी काय विचारायला आलो ते तिला लगेच कळलं. तिने भिंतीकडे हात केला. भिंत स्वच्छ सारवलेली होती.

"दीड साल रेघा मारत ऱ्हायनू मी. कोनी ऊनं नही. दिवाईले भिंत सारी लिधी, बठ्ठ्या रेघा गयात. मंग आखो मारनात. दुसरी दिवाईले त्याबी गयात." ती मला दोष देत नव्हती. "तुमी येनार व्हतात ना?"

तिने दोरी आणून दिली. आम्ही विहिरीवर गेलो. एकतीस गाठी उतरल्या आणि वजन खडकावर आपटलं. ओढून घेतलं तर कोरडं.

अधिकाऱ्याने मशिनं यादीच्या वर्णक्रमाने पाठवली. न्याहळोद बरंच खाली होतं.

एप्रिलमध्ये मी सातपुड्याच्या पायथ्याला सरांकडे गेलो. कॉलेज म्हणजे चार पत्र्याच्या खोल्या. सरांच्या दारात दोन खांबांना दोरी बांधलेली होती, दर फुटाला गाठ, आणि तिच्यावर धोतर आणि दोन बनियन वाळत होते. सर वाळले होते. इथल्या विहिरी का मोजत नाही, असं मी विचारलं नाही.

"भिकुबाईची किती?" त्यांनीच विचारलं.

"कोरडी, सर. एकतीसवर तळ लागला."

ते आत गेले आणि जुनी मोठी वही घेऊन आले. न्याहळोदचं पान उघडलं. जून ७१ नंतर ओळी कोऱ्या होत्या. त्यांनी मला तारीख विचारली. मी सांगितली. पेन हातात घेऊन मीच म्हणालो, "शून्य लिहू?"

"शून्य म्हणजे पाणी काठाला," ते म्हणाले. "आपण काठापासून मोजतो. कोरडी लिही."

मी लिहिलं. मोजणाऱ्याच्या नावाच्या रकान्यात त्यांनी स्वतः भिकुबाई लिहिलं. मग मधल्या कोऱ्या ओळींवर बोट ठेवलं, एक, दोन, तीन, करत ते नव्वदच्या आसपास गेले आणि वही मिटली.

"तुझ्या चार बाजारांचे आकडे मात्र पाठव," ते म्हणाले. "त्यांवर तुझं नाव घालावं लागेल."