एका घरात दोन परीक्षक

आमचे हे पेपर तपासायला बसले की लग्नाच्या पंगतीत वाढायला उभे राहिल्यासारखे वाटायचे. घ्या हो, अजून अर्धा घ्या, लाजू नका. उत्तराच्या पहिल्या ओळीत 'हायड्रोजन' हा शब्द दिसला की ह्यांचा हात सैल झालाच म्हणून समजा. आणि समोर बसलेली मी, अर्ध्या गुणालाही हात आखडणारी. माझ्याबद्दल शिक्षकांच्या खोलीत काय बोललं जायचं ते मला नीट ठाऊक होतं, कारण ते मला ऐकू येईल अशा बेतानेच बोललं जायचं.

दोघंही रसायनशास्त्र शिकवायचो, दोघंही एकाच संस्थेत, फक्त शाळा वेगळ्या. हे डोंबिवलीच्या शाळेत, मी ठाण्याच्या. घर डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि एप्रिल महिना आला की आमच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नसायची, कारण नववीच्या वार्षिक परीक्षेचे गठ्ठे घरी यायचे.

नववीचं जरा सांगायला हवं. त्या काळी दहावीपेक्षा नववी अवघड होती. दहावीचा निकाल शाळेच्या फाटकावर फळ्यावर झळकायचा, गावभर चर्चा व्हायची. नववीला कोण विचारतंय? तेव्हा दहावीत ज्या पोराची खात्री नाही त्याला नववीतच गाळायचं, ही पुष्कळ शाळांची रीत होती. आमची संस्था तेवढ्यापुरती सज्जन. ती म्हणायची, गाळायचं तर निदान नीट गाळा. गणित आणि रसायन ह्या दोन पेपरांत पास झाल्याशिवाय दहावीत पाऊल नाही, मग बाकीच्या विषयांत कितीही दिवे लावलेले असोत. आणि पुन्हा नववी म्हणजे बऱ्याच घरांत शाळाच बंद. मुलगा असेल तर वागळे इस्टेटच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये चिकटवून द्यायचे, मुलगी असेल तर घरी बसवायचे. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, फक्त चहा पिताना कोणी तो विषय काढत नसे.

पूर्वी ज्याची शाळा त्यानेच तपासायची पद्धत होती. मग पालक घरी यायचे. खाडीकडचे एक गृहस्थ एकदा आमच्याकडे चांगली ताजी पापलेटं घेऊन आलेले. आम्ही शाकाहारी, त्यामुळे लाच नाकारण्याचं पुण्य आम्हाला अगदी फुकटात मिळालं. ते बिचारे पुढच्या रविवारी नारळ घेऊन आले. असे प्रकार वाढले तेव्हा संस्थेने नावं झाकली, उत्तरपत्रिकेवर नुसता नंबर ठेवला आणि एका शाळेचे पेपर दुसऱ्या गावच्या शिक्षकाकडे पाठवायला सुरुवात केली. त्या वर्षी कल्याणच्या शाळेचे गठ्ठे आम्हा दोघांत वाटून आले. वरून सगळ्यांच्या तपासणीवर नजर ठेवायला एक मॉडरेटर नेमलेले.

मॉडरेटर म्हणजे आमच्या ठाण्याच्या शाळेतले सगळ्यात ज्येष्ठ सर. निवृत्तीला टेकलेले, माजिवड्याहून सायकलवर यायचे. भाषा पुणेरी, आणि रागावले की आणखी पुणेरी. प्रत्येकाने सुरुवातीचे थोडे पेपर तपासून त्यांना दाखवायला आणायचे, असा नियम होता. आम्ही आपले नेले. सरांनी ते बघितलेच नाहीत. त्यांनी पिशवीतून एक न तपासलेली उत्तरपत्रिका काढली आणि म्हणाले, "ही प्रत्येकाने तपासा. पेपरावर खूण करायची नाही. प्रत्येक प्रश्नाचे गुण चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी घडी करून मला द्या."

आम्ही सगळे शिक्षक, काहींचे केस पिकलेले, पण शेजाऱ्याला दिसू नये म्हणून हात आडवा धरून लिहीत होतो. पोरांना ज्याच्यासाठी वर्षभर ओरडायचं तेच.

सरांनी चिठ्ठ्या उघडल्या आणि टेबलावर वरपासून खालपर्यंत लावल्या. सगळ्यांत वर आमच्या ह्यांची, सगळ्यांत खाली माझी. ह्यांच्याकडे ते पोर ऐटीत दहावीत चाललेलं, माझ्याकडे पुन्हा नववीत बसलेलं.

सरांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. "आपण दोघे एकाच घरातून येता ना?"

"हो," हे म्हणाले.

"एकाच घरात नववी आणि दहावी दोन्ही. सोयीचं आहे."

सगळी खोली हसली. मला कानापर्यंत चटका बसला. हे मात्र सगळ्यांबरोबर हसत होते. हा माणूस स्वतःच्या फजितीलाही पैकीच्या पैकी देईल.

मग सरांनी पहिला प्रश्न वाचला. चुन्याच्या निवळीतून कार्बन डायऑक्साइड सोडला तर काय होतं? आम्हाला दिलेल्या नमुना उत्तरात होतं, निवळी दुधाळ होते. पोराने लिहिलं होतं, निवळी ताकासारखी होते. मी शून्य दिलेलं.

"बाई, आपण ताक पाहिलं आहे ना?"

"पाहिलंय सर. पण नमुना उत्तरात दुधाळ आहे."

"स्वच्छ पाणी पांढरं गढूळ झालं, हे ह्या मुलाला समजलं आहे का?"

"समजलंय."

"मग गुण समजण्याला द्यायचा की दुधाला?"

मला इतका राग आला की विचारू नका. सर चुकत असते तर एवढा आला नसता. माझं म्हणणं साधं होतं. एकदा ताक चालवलं की उद्या पेज येणार, परवा साबुदाण्याची खीर येणार, कुठे थांबायचं? हे मी बोलूनही दाखवलं. सर शांतपणे म्हणाले, "खीर आली तर आपण बसून ठरवू. पण एका परीक्षकाने एकट्याने ठरवायचं नाही."

हे गालातल्या गालात हसायला लागले. ते हसू फार वेळ टिकलं नाही, कारण पुढचा प्रश्न आकृतीचा होता. जस्तावर आम्ल ओतून हायड्रोजन तयार करायचा. आम्ल ओतायला बाटलीच्या बुचातून लांब नळीचं नरसाळं खाली सोडतात आणि त्या नळीचं टोक आम्लात बुडालेलं लागतं, नाहीतर तयार झालेला वायू त्याच नळीतून वर पळून जातो. पोराने नळी अधांतरी ठेवलेली. बाकी आकृती सुरेख, पट्टीने रेघा, नावं टपोरी. ह्यांनी पूर्ण गुण दिलेले.

"मास्तर, ह्या उपकरणात वायू किती गोळा होईल?"

हे आकृतीवर वाकले. "काहीच नाही सर."

"आणि आपण गुण किती गोळा केलेत?"

आता हसायची पाळी माझी होती. मी ती सोडली नाही.

त्यानंतर दुपारभर वाद चालला. शेवटी सरांनी खडू घेऊन फळ्यावर ठरलेलं लिहिलं. अर्थ बरोबर असेल तर शब्द कोणताही चालेल. समीकरण संतुलित नसेल तर अर्धाच गुण. आकृतीप्रमाणे प्रयोग केला आणि तो फसणार असेल तर एक गुण कमी, मग आकृती कितीही देखणी असो. मग ते आमच्याकडे वळून म्हणाले, "आतापर्यंत तपासलेले सगळे पेपर ह्याप्रमाणे पुन्हा पाहा. वर जातील ते जातील, खाली येतील ते येतील. पण जो न्याय एका गठ्ठ्याला, तोच सगळ्या गठ्ठ्यांना." आणि जाता जाता आम्हा दोघांना वेगळा प्रसाद दिला. "तुम्ही एकमेकांचे गठ्ठे तपासा."

नवराबायकोला एकमेकांच्या चुका काढायला लेखी नव्हे पण तोंडी परवानगी मिळाली, असं ते झालं. घरी सतरंजी अंथरून समोरासमोर बसलो. पंखा लावला की पेपर उडायचे, बंद केला की जीव जायचा, म्हणून गठ्ठ्यांवर वरवंटा, अडकित्ता, कुकरचं झाकण जे हाताला लागेल ते ठेवलेलं. त्या आठवड्यात आमच्याकडे दोन्ही वेळा पिठलं होतं. शेजारच्या काकू एकदा दारातून डोकावल्या आणि काळजीने म्हणाल्या, "काही झालंय का गं? आवाज येतोय." मी म्हटलं, "काही नाही हो काकू, पेपर तपासतोय."

माझा गठ्ठा वर सरकत होता. ताकवाली पोरं निघाली, पांढऱ्या पाण्याची निघाली, एकाने तर निवळीत चुनखडी तयार होते असं लिहिलेलं, आणि रसायन म्हणून ते नमुना उत्तरापेक्षा सरस होतं. मी ज्यांना काठाखाली ढकललेलं त्यातली काही वर आली. हे एकेक पेपर माझ्यासमोर नाचवत म्हणायचे, "बघ, हा सुटला तुझ्या तावडीतून." मी तोंड वाकडं करायचे, पण आतून मला बरं वाटत होतं. खरं तर फार बरं वाटत होतं.

ह्यांचा गठ्ठा मी तपासत होते आणि तो खाली येत होता. वरच्या पोरांचं काही बिघडत नव्हतं, ऐंशीचे अठ्ठ्याहत्तर झाले तर कोण रडतंय. मग एक पेपर आला. बारीक अक्षर, प्रत्येक उत्तराखाली पट्टीने आखलेली रेघ. ह्यांनी बरोबर पासापुरते गुण दिलेले. आणि आकृतीतली नळी अधांतरी.

मी पेपर ह्यांच्याकडे सरकवला. त्यांनी पाहिला, बेरीज केली, पुन्हा केली.

"एका गुणाने जातोय गं हा."

"हो."

"आकृती किती छान काढलीय बघ. नळी जरा वर राहिली, बस. देऊन टाकू."

"माझ्या गठ्ठ्यात ह्याच चुकीचे किती गुण कापलेत तुम्ही कालपासून?"

"मग त्यांनाही देऊ."

"आणि बाकीच्या शिक्षकांकडे जी पोरं आहेत त्यांना? त्यांचाही गुण सगळ्यांनी कापला असेल, सर म्हणाले म्हणून. त्यांना कोण देणार?"

पंगतीतून उठलेल्या पाहुण्याला ह्यांनी कधी रिकाम्या पोटी जाऊ दिलं नव्हतं, आणि आता हातात वाढप असून वाढता येत नव्हतं. ते पोर कोण, मुलगा की मुलगी, कोणाच्या घरचं, काहीच माहीत नव्हतं. नुसता नंबर.

"सरका जरा," मी म्हटलं आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. पेपर पहिल्या पानापासून उघडला.

"आता काय?"

"बघायचं. उत्तर दुसऱ्याच प्रश्नाखाली लिहिलंय का, शेवटच्या पानावर कच्च्या कामात काही राहिलंय का, खोडलेल्याखाली बरोबर आहे का, एखाद्या उपप्रश्नाला खूण करायची राहिलीय का. कोणावर मेहेरबानी नाही करायची. त्याचाच एक गुण कुठे पडलेला असेल तर तो उचलून द्यायचा."

"हे तू कधीपासून करतेस?"

"पहिल्या वर्षापासून. नापासाचा प्रत्येक पेपर. मला वेळ का लागतो वाटलं तुम्हाला?"

ह्यांना वाटत होतं मी कापायला आणखी काही सापडतंय का ते शोधत बसते. इतकी वर्षं शेजारी बसून हा माणूस असं समजत होता. मी चिडले असते, पण तेव्हा तेवढी सवड नव्हती. आम्ही दोघांनी ओळ न ओळ वाचली. समीकरणं पुन्हा मांडून पाहिली, कच्चं काम वाचलं, खोडलेली अक्षरं उजेडाला धरली. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात त्या पोराने पेनाची शाई उमटते का बघायला गिरगटलं होतं, तेही वाचलं.

गुण कुठेच नव्हता.

ह्यांनी आकड्यात लिहिलं, अक्षरात लिहिलं, सही केली. मग तो पेपर गठ्ठ्यात ठेवून बराच वेळ त्यावर हात ठेवून बसले. मी पुढचा पेपर उघडला, कारण कोणीतरी उघडायला हवा होता.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर ह्यांनी दहावीचे तास सोडले आणि नववी मागून घेतली. दहावीचा वर्ग म्हणजे मान, तो कोणी आपणहून सोडत नाही. मुख्याध्यापकांना वाटलं काहीतरी रुसवा आहे. मी घरी ह्यांना म्हटलं, "अहो, ते पोर कल्याणच्या शाळेचं. तुमच्या वर्गात नाही यायचं."

"माहीत आहे," हे म्हणाले. "पण आपल्या शाळेतलं कोणीतरी कोणाच्या तरी गठ्ठ्यात असंच एका गुणाने गेलं असेल. ते आता पुन्हा नववीत माझ्यासमोर बसलंय."