पाण्यावर पालथा माणूस

आमच्याकडे कुणी पालथं झोपलं की मोठी माणसं त्याला हलवून सरळ करतात. तापीकाठच्या गावात याचं कारण विचारावं लागत नाही. नदीत पालथं दिसतं ते मढं. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात माझे धाकटे काका तोंडात नळी धरून डोहावर पालथे तरंगू लागले, तेव्हा ते काय करताहेत हे ठाऊक असूनही त्यांना हलवून सरळ करावंसं मला वाटलं.

ते फुटबॉल शोधत होते. आमच्या भागात शेतकऱ्याचा फुटबॉल म्हणजे चेंडू नव्हे. पंपाच्या पाइपाचं जे टोक नदीत बुडालेलं असतं, त्याला जाळी आणि झडप असते. पाणी आत येतं, परत जात नाही. त्याचं खरं नाव फूट व्हॉल्व्ह आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. मी घरी तसं म्हणून पाहिलं, तर काका म्हणाले, "आल्या कलेक्टरीण बाई." आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे असलं काहीबाही ऐकून घ्यावं लागतं.

तर पाइपाचा जोड सुटला आणि फुटबॉल, सोबत पाइपाचा तुकडा, तळाशी गेला. पंप बंद पडला. केळी नुकती निसवली होती, घड बाहेर पडत होते. अशा वेळी उन्हात पाणी तुटलं की घड पोसत नाहीत. त्या मापाचा दुसरा फुटबॉल बुऱ्हाणपूरच्या दुकानात नव्हता, यायला आठवडा लागणार होता. बाबा इतर दुकानं बघायला शहरात गेले. काकांनी मोबाईलवर मागवलेला पाण्यात बघायचा चष्मा आणि श्वासाची नळी बाहेर काढली. मी कॉलेजच्या आपत्ती शिबिरातलं तरंगायचं जॅकेट सरांना विचारून घरी आणलं होतं, ते घेऊन त्यांच्या मागे गेले.

शिबिरात शिकवणाऱ्यांनी एक गोष्ट सांगितली होती. बुडणारा माणूस हातपाय मारतो, ओरडतो असं आपल्याला वाटतं. पण नळी लावून पाणी बघणारा माणूस आधीच पालथा असतो. त्याची शुद्ध गेली तरी काठावरून काही फरक दिसत नाही.

मी हे काकांना सांगितलं. बहुतेक नीट सांगता आलं नाही.

"देख बेटा," ते म्हणाले, "हे जॅकेट माणसाला वर ठेवतं. मला जायचंय खाली. कसं जमेल?"

"आधी वरून शोधा ना. शोधेपर्यंत तरी घाला."

"मी तुझ्या वयाचा असताना पुरात उडी मारायचो. कुणी बघितलं तर म्हणेल, काय पहिलवान, तापीची भीती वाटायला लागली का?"

"इथं बघायला कोण आहे?"

"तू आहेस की! कॉलेजात जाऊन सांगशील." चष्म्यात नाक दाबलं गेल्यामुळे त्यांचा आवाज सर्दी झाल्यासारखा येत होता. आम्ही दोघंही हसलो. मध्येमध्ये हात वर करायचं त्यांनी कबूल केलं आणि ते पाण्यात उतरले.

आजही मला वाटतं, त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. जॅकेट घालून बुडी मारता येत नाही, हे खरंच आहे.

ते पालथे तरंगत, बुडी मारत, पुन्हा वर येत. हात वर करायचं लवकरच विसरले. मी ओरडले. कान पाण्यात असल्यामुळे त्यांना ऐकू गेलं नाही. मी दगड टाकला, तेव्हा ते डोकं काढून वैतागले. "अगं, तळ गढूळ होतोय! जरा गप बस ना यार!"

मी गप बसले. ते पुन्हा खाली गेले. मग त्यांची पाठ वर आली. एकदा खांदे जोरात हलले आणि नंतर पाठ नुसती तरंगत राहिली. पाणी शांत होतं. नळी तिरकी होऊन तिचं टोक पाण्याखाली गेलं होतं. ते बघत असतील, आता मी हाक मारली तर पुन्हा चिडतील, असं मी स्वतःला सांगत होते. तेवढ्यात प्रवाहाने त्यांना हळूच फिरवलं. त्यांनी पाय हलवला नाही. पोहणारा माणूस असा फिरत नाही.

जॅकेटचे पट्टे मी कसे लावले, आठवत नाही. मला पोहता येतं ते काठाकाठानेच. मी पोचले, त्यांच्या तोंडातली नळी ओढली आणि त्यांना उताणं केलं. त्यांनी एकदम ठसका दिला आणि माझ्या गळ्यालाच मिठी मारली. आम्ही दोघंही खाली गेलो. मला वाटलं, संपलं. जॅकेटने आम्हाला वर आणलं. मी पाय मारत राहिले, ते खोकत राहिले, आणि कसेतरी आम्ही खडकाला लागलो.

नंतर त्यांनीच सांगितलं. बुडी मारून वर आलं की नळीत पाणी भरलेलं असतं, ते आधी फुंकून काढायचं असतं. त्यांची जन्माची सवय म्हणजे वर आलं की आधी श्वास ओढायचा. तो त्यांनी नळीतूनच ओढला.

दवाखान्यात डॉक्टरांनी छाती तपासली, रात्रभर ठेवून घेतलं, मग सोडलं. बाबांनाही फुटबॉल मिळाला नव्हता. केळीची पानं दुपारी मिटायला लागली होती. एक दिवस कसाबसा घरी काढून काका पुन्हा नदीकडे निघाले.

मी दारात उभी राहिले. "जॅकेट घातल्याशिवाय जायचं नाही."

"मी वर राहिलो तर खाली कोण जाईल? तू?"

"गळ जाईल."

विहिरीत पडलेली बादली काढायचा लोखंडी गळ आमच्या पडवीत टांगलेला असतो. काकांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. गळाचा दोर खांद्यावर टाकला आणि जॅकेटसाठी हात पुढे केला.

जॅकेटमुळे त्यांची मान अवघडत होती, मध्येच ते कलंडत होते, शिव्या देत होते. पण शिव्या ऐकू येत होत्या तोवर मला बरं वाटत होतं. मग ते गप्प झाले. फुटबॉल दिसला असावा. ते पालथे, हातात दोर, गळ खाली सोडलेला. मी पाठीवरून नजर हलवली नाही.

पलीकडच्या काठावर एक जण म्हशी घेऊन आला. थोडा वेळ बघून त्याने हाक मारली, "काय हो पहिलवान, पोहणं विसरलात का?"

काकांना ऐकू गेलं नाही. उत्तर मलाच द्यावं लागणार होतं. "त्यांना येतं पोहता," मी म्हणाले. "जॅकेट मी घालायला लावलंय."

"काय? मोठ्यानं बोल!"

मला परक्या माणसाशी मोठ्याने बोलायची सवय नाही. मी उभी राहिले आणि घसा ताणून पुन्हा म्हणाले, "मी घालायला लावलंय!"