मयताचा एम

नवरा गेला आणि त्याच्या जागी मला खाणीच्या हपिसात घेतलं. तो खाली खाणीत पाणी उपसायच्या पंपावर होता, मी वर एसीत. लोक म्हणायचे, पोरीनं नशीब काढलं. जळो ते नशीब!

आमच्या संगणक विभागात तेव्हा एकच धावपळ चालली होती. कामगारांची सगळी जुनी माहिती एका म्हाताऱ्या मेनफ्रेम कॉम्प्युटरमध्ये अडकलेली. काळा पडदा, हिरवी अक्षरं, आणि काही पाहायचं असलं की माणसाला चंद्रपूरला आमच्याच दारात यावं लागे. आता ती कंपनीच्या इंट्रानेटवर टाकायची होती, म्हणजे कोणत्याही खाणीतल्या बाबूला आपल्या टेबलावर बसून दिसेल. त्यासाठी पुण्याहून एक साहेब आले होते. ते माहिती हलवायचे, आणि जुनं-नवं जुळतं का ते मी बघायची.

एका दुपारी राहवलं नाही. नव्या पडद्यावर नवऱ्याचा कामगार नंबर टाकला. वाटलं, नाव तरी पाहावं. नाव आलं आणि त्याच्याखाली आलं: आजारी रजेवर.

बाप्पा! पुन्हा नंबर टाकला, पुन्हा तेच.

काय झालं ते लगेच कळलं. जुन्या मशीनवर एक बाबू बसायचे, सगळे त्यांना भाऊ म्हणत, आता रिटायर होऊन मूल गावी राहतात, ते मेलेल्या माणसापुढे इंग्रजी एम टाकायचे. मयताचा एम. हपिसात सगळ्यांना ठाऊक, म्हणून कोणी कुठे लिहून ठेवलं नाही. पुण्याच्या साहेबांनी एम म्हणजे मेडिकल धरलं. झालं! खाणीतले सगळे मेलेले आजारी पडले.

उठून सांगायला पाहिजे होतं. उठले नाही. कावीळ झाली तेव्हा तो खरंच आजारी रजेवर होता. नागपूरच्या दवाखान्यात मी चमच्यानं उसाचा रस पाजायची आणि तो माझ्यावरच खेकसायचा. आता आजारी तर आजारी, खाटेवर पडून नुसता खेकसत राहिला असता तरी मला चाललं असतं. सुट्टी होईपर्यंत मी त्या दोन शब्दांकडे बघत बसले. उद्या सांगू म्हटलं.

घरी आले तर सासू दारातच उभी. त्याचा फोन ती अजून रिचार्ज करते, कोणाला हात लावू देत नाही. त्या दिवशी तिनं स्वतः माझ्या हातात दिला.

"काईतरी आलं पाह्य याच्यावर."

नव्या इंट्रानेटनं आपणहून संदेश सोडला होता: तुमची रजा संपली आहे. ताबडतोब कामावर हजर व्हा. खोटं काही सुचलं नाही. वाचून दाखवलं.

"मेल्या माणसाले बोलावून राह्यले? लाज नाई वाटत त्याइले? अन् तू काय करते तिथी, झोपा काढते का?"

"मी बोलावलं का त्याले? माह्यावर काऊन ओरडता?" मीही भडकले.

ती खाली बसली. फोन पदरानं पुसला. मग हळूच म्हणाली, "येत असन तं येऊ दे म्हणा."

मी तिच्याजवळ बसून रडले. असाच संदेश धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावांत, खाणीत पोरगा गमावलेल्या कुठल्या कुठल्या मायच्या घरी पोचला असेल, हे मनात आलं आणि ताट तसंच झाकून ठेवलं.

सकाळी साहेबांना सगळं सांगितलं, फक्त माझं सोडून. ते बिचारे कपाळावर हात मारून घेऊन लगेच कामाला लागले. चांगला माणूस होता. एमचा अर्थ बदलला आणि म्हणाले, "सगळ्यांचं एकदम करण्याआधी एकावर करून बघू. ताई, यातला कोणताही एक नंबर सांगा."

मला एकच नंबर पाठ होता. तो सांगितला.

त्यांनी टाकला, बटण दाबलं, पडदा माझ्याकडे वळवला.

"आता बरोबर आलं ना?"

मी हो म्हटलं.