लगीनसराईतली दुरुस्ती

त्या मेकॅनिकचं नाव मी कधी विचारलं नाही. आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात वडीगोद्रीला एका लग्नाला गेलो होतो, तिथं तो नवरदेवाची मोटार चालवत आला. अंगात पांढराशुभ्र सदरा, पण नखांत काळं ग्रीस. वरात मांडवापाशी थांबली आणि माझ्याशेजारी बसलेले अंबडचे वकील ताडकन उठले. मोटार त्यांची होती. महिन्यापूर्वी त्यांनी ती याच्या गॅरेजात दुरुस्तीला टाकली होती.

"इंजिन खोलून ठेवलंय म्हणाला होतास ना?" वकिलांनी दाराला हात घातला.

त्यानं खांद्यावरच्या फडक्याला सावकाश हात पुसले. "साहेब, गाडी उभी राह्यली की जाम होती. म्हणून जरा चालवून राह्यलो."

"उतरव सगळ्यांना. आत्ता."

वाजंत्री थांबली. मुंडावळ्यांआड नवरदेव रडवेला झाला. पण मेकॅनिकनं शांतपणे वधूपित्याला हाक मारली. "मामा, हेच ते वकीलसाहेब. तुमच्या जावयासाठी गाडी यांनीच दिली."

लगेच वकिलांना फेटा बांधला गेला, गळ्यात हार पडला. दारावरचा हात काढून त्यांनी हार सारखा केला. पहिल्या पंगतीत ते शेजाऱ्याला सांगत होते, "आपण लोकांच्या उपयोगी पडावं, दुसरं काय."

वाढायला तो मेकॅनिकच आला. वकिलांनी खालच्या आवाजात विचारलं, "गाडी कधी मिळेल?"

त्यानं पानावर आणखी थोडी बुंदी वाढली. "काम बराबर व्हायला पाह्यजे ना साहेब. लगीनसराई संपू द्या."