सांगलीच्या आमराईतल्या दोन हाका

सांगलीची आमराई पाहायची असेल तर माघ संपता संपता जावे. झाडे मोहोराने भरलेली असतात, ऊन अजून बोचत नाही आणि कृष्णाकाठची वांगी बाजारात असतात. मी मात्र बाग पाहायला निघाले नव्हते. माझ्या थोरल्या बहिणीला, माईला, साताऱ्याला घेऊन यायला निघाले होते.

लढाई संपली. मलायातून, ब्रह्मदेशातून माणसे परतली. माईचा एकुलता मधू परतला नाही. तो फौजेत बिनतारी खात्यात होता. बेपत्ता असल्याची तार आली आणि त्यानंतर काहीच नाही. माई विधवा, त्यात दमेकरी, आणि सांगलीत एका भाड्याच्या खोलीत एकटी. ये म्हटले की तिचे एकच उत्तर असे, "मधू आला आणि दाराला कुलूप असलं तर?" या वेळी तिच्यासमोर बसूनच बोलायचे ठरवले आणि सकाळची मोटार धरली.

पेट्रोल अजून मोकळेपणी मिळत नाही, त्यामुळे आमच्या मोटारीला मागे कोळशाच्या गॅसची भट्टी लावलेली होती. या मोटारीने जाणाऱ्या बायकांनी पांढरे लुगडे नेसू नये, हा माझा अनुभवाचा सल्ला. भाडे आधी ड्रायव्हरलाच विचारून घ्यावे, ते रोज बदलते. कऱ्हाडच्या अलीकडच्या चढाला मोटार दमली आणि पुरुषमंडळींना खाली उतरून ढकलावी लागली. त्यांत खाकी सदऱ्यातला, लोखंडी ट्रंक घेऊन घरी चाललेला एक शिपाई होता. त्याचा सोबती त्याला म्हणाला, "काय रं गड्या, ब्रह्मदेश मारून आलास आन् हितं मोटार ढकलतुयास?"

"तितं तरी काय करत हुतो? चिखलातनं ह्येच!" शिपाई म्हणाला आणि सगळे हसले.

ब्रह्मदेश हा शब्द ऐकून मी त्याच्याकडे वळले. मधूबद्दल विचारावे असे फार वाटले. पण तो 'न्हाई' म्हणाला असता, तर ते 'नाही' मला माईकडे घेऊन जावे लागले असते. मी विचारले नाही. कऱ्हाडला थांबून भाकरी आणि झुणका खाल्ला. झुणका तिखट, पण ताजा होता. पुढे इस्लामपूर, आष्टा, दोन्ही बाजूंना ऊस, आणि उन्हे कलताना कृष्णेवरचा पूल.

माई दारातच बसून तांदूळ निवडत होती. फार वाळली होती. चहा झाल्यावर म्हणाली, "अंग आंबलं असेल तुझं. आमराईत फिरून ये. मी आज येत नाही, धाप लागतेय."

म्हणून पहिल्या संध्याकाळी मी एकटीच गेले. गावातल्या गावात एवढी मोठी बाग मी दुसरीकडे पाहिलेली नाही. संस्थानिकांच्या मागच्या पिढ्यांनी ती लावली असे सांगतात. आधी नुसते आंबेच होते, मग वाटा आखल्या, गुलाबाचे ताटवे केले, बँडसाठी चौथरा बांधला. आता चौथऱ्यावर बँड वाजत नाही, वाळकी पाने फिरत असतात. कारंजे कोरडे आहे. पण आंबे तसेच उभे आहेत, इतके जुने की खोडांना माणसांसारखी पोटे सुटली आहेत. मोहोरात मधमाश्यांचा एकसारखा घुमारा चालतो. थोडा वेळ बसले की तो बाहेरून येतो आहे की आपल्याच डोक्यात आहे, हे कळेनासे होते.

फिरायला आलेली माणसे पांगली होती. मी बांबूंच्या बेटाजवळच्या बाकावर बसले होते आणि माझ्या पाठीमागून माईने हाक मारली.

"मधूऽऽ!"

मी उठून उभी राहिले. पाठीमागे कोणी नव्हते. तोच आवाज, शेवटी थोडा चिरकणारा, दम्याने तुटणारा.

"मधूऽऽ!"

त्यानंतर काही नाही. मधमाश्यासुद्धा थांबल्यासारख्या वाटल्या. मी जवळजवळ धावत घरी आले. माई दारातच होती, तांदळाचे सूप मांडीवर. ती तिथून हलली नसल्याचे शेजारणीनेच सांगितले. रात्रभर मला आमची आई आठवत राहिली.

आईचा एक नियम होता, आणि साताऱ्याकडच्या पुष्कळ घरांत तो असेल. दिवेलागणीला बाहेरून कोणी नावाने हाक मारली, तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. माणूस तिसऱ्यांदा हाक मारतो. जे माणूस नसते त्याला दोनदाच मारता येते. वडील पाचगणीला डॉक्टर होते, म्हणून धाकट्या मला तिथल्या कॉन्व्हेंटमध्ये घातले. पहिल्याच संध्याकाळी प्रार्थनेआधी हजेरी झाली. सिस्टरने माझे नाव घेतले, मी गप्प. पुन्हा घेतले, मी गप्प. तिसऱ्यांदा ती ओरडली तेव्हा मी खणखणीत ओ दिली आणि जेवण होईपर्यंत व्हरांड्यात उभी राहिले. त्यानंतर मी पहिल्याच हाकेला ओ द्यायला शिकले. माई घरीच वाढली. तिने आईचा नियम जसाच्या तसा मधूला दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पुन्हा बागेत गेले. उजेडात पाहावे, म्हणजे भीती जाईल. बांबूंच्या पलीकडे माळ्याची खोपटी होती. त्याची बायको धोंडाबाई भांडी घासत होती. मी काही विचारायच्या आतच खोपटीतून माईचा आवाज आला, "मधूऽऽ!"

माझा चेहरा पाहून धोंडाबाई हसली. "भ्यालासा व्हय? आवं बाई, मैना हाय ती! आमचा भाऊ कारवारच्या रानातनं घिऊन आला." वळचणीला पिंजरा टांगलेला होता. आत काळीभोर मैना, गळ्याशी पिवळी पट्टी. "एक बाई रोज सांजच्याला येत्यात. त्येंच्या ल्योकाला हाका मारत्यात. दोनदाच. मंग गप बसत्यात अन् जात्यात. हिनं आवाज उचलला. पोरं लय भित्यात बगा, सांज झाली की हिकडं फिरकत न्हाईत."

"तुम्ही त्यांना कधी विचारलं नाही?"

"काय इचारू? माझाबी थोरला इटलीत हुता. आला, म्हनून मी बोलती हाय. जिचा आला न्हाई तिला काय इचारायचं?"

संध्याकाळी मी माईबरोबर आले. लहानपणी मधू इथेच खेळायचा. ती फाटकापाशी उभी राहून हाक मारायची आणि तो शेंदऱ्या नावाच्या आंब्यावरून तिसऱ्या हाकेला ओ द्यायचा, "ओऽ, आलो!" आता तिने त्याच आंब्याकडे तोंड करून दोनदा हाक मारली. आवाज बागेभर फिरून आला. मग ती पदर सावरून बाकावर बसली.

"माई, तू दोनदाच का मारतेस?"

ती आंब्याकडेच पाहत म्हणाली, "तिसरी मारली नाही, तोवर त्याने ओ दिली नाही असं कुणी म्हणू शकत नाही."

साताऱ्याला चल हे शब्द तोंडातच राहिले. तेवढ्यात बांबूंच्या पलीकडून माईचाच आवाज आला. एक हाक. दुसरी हाक. मग शांत. माई ताठ झाली. तिला मैना ठाऊक होती, पण इतक्या लगोलग, आपल्याच दोन हाकांवर आपल्याच दोन हाका, तिने कधी ऐकल्या नसाव्यात.

"मी मेले तरी ही अशीच मारत राहील," ती हळू म्हणाली. "दोन. रोज दोन." मग माझा हात घट्ट धरला. "द्वारके, मीच शिकवलंय गं त्याला. तिसरीशिवाय पाऊल टाकायचं नाही. तो कुठेतरी उभा असेल. ऐकत असेल. मीच त्याला ताटकळत ठेवलाय."

मी तिला थांबवले नाही. पुढे होऊन तिने शेंदऱ्याच्या खोडावर तळवा टेकवला आणि श्वास भरून घेतला.

"मधूऽऽऽ!"

पाने हलली नाहीत. मैना बोलली नाही. मी स्वतः श्वास धरून ऐकत होते, आणि खरे सांगते, त्या क्षणी ओ आली असती तर मला मुळीच आश्चर्य वाटले नसते. आली नाही. माई उभी राहिली, अंधारू लागेपर्यंत. मग खाली वाकली आणि लहान मुलाला बाहेरून घरी आणताना बायका म्हणतात तसे, अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "चल रे बाळा, घरी चल. मागे राहू नकोस."

फाटकातून बाहेर पडताना तिने एक हात बाजूला धरला होता. त्या हाताच्या आड येऊ नये म्हणून मी पलीकडून चालले.

दुसऱ्या दिवशी तिने आपणहून सामान बांधले. मोटारीत तिने खिडकीशी जागा धरली आणि आमच्या दोघींच्या मध्ये थोडी मोकळी सोडली. आष्ट्याला गर्दी झाली. कंडक्टर म्हणाला, "आजी, सरका की वाईच. एक मानूस मावतंय हितं."

"ती जागा गेलीय," माई म्हणाली.

कंडक्टरने मोकळ्या फळीकडे पाहिले, मग माईकडे, आणि पुढे गेला. साताऱ्यापर्यंत तिथे कोणी बसले नाही.

आमराई आवर्जून पाहावी असे मी अजूनही सांगेन. सकाळी जावे. धोंडाबाईकडे पाणी मागितले तर गूळही मिळतो. गुलाब सुंदर आहेत, आणि आंब्यांखालची ती हिरवी, जुनी शांतता साताऱ्यात कुठे मिळत नाही.

परवा सांगलीहून माईची शेजारीण आली होती. बोलता बोलता म्हणाली, "आमराईतली मैना आता तिसरी हाकसुद्धा मारते. आणि मग मान वाकडी करून ऐकत बसते."

माई शेंगा सोलत होती. मी भीत भीत तिच्याकडे पाहिले. तिने एक शेंग संपवली, दुसरी घेतली.

"आता तिथून ओ कोण देणार?" ती म्हणाली. "इकडे आणलाय ना आपण."

दिवेलागण झाली होती. दार लोटायला मी उठले होते. मी पुन्हा खाली बसले आणि दार तसेच उघडे राहू दिले.