आकड्याआधीचा ‘ई’

मागच्या वर्षी आमच्या मराठी मंडळानं ठरवलं की गणपतीत जुन्या नाटकांच्या फोटोंचं प्रदर्शन लावायचं. जबलपूरजवळच्या खमरियाच्या फॅक्टरी इस्टेटीत एके काळी दर गणपतीला नाटक व्हायचं. दिवसभर मशीनवर उभी असणारी माणसं संध्याकाळी क्वार्टरसमोरच्या अंगणात तालमी करायची. त्या नाटकांचे दोन अल्बम मंडळाच्या कपाटात पडून होते. जाड काळी पानं आणि त्यांना गच्च चिकटलेले फोटो. काढायला गेलं असतं तर फाटलेच असते.

“मी फोननं काढते,” बैठकीत मी म्हणून बसले.

मी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई. मुलगा बंगलोरला असतो. त्यानं नवा फोन घेतला तेव्हा त्याचा जुना, चांगला कॅमेऱ्याचा फोन मला दिला होता. त्यात फोटो सरळ करता येतो, कडा छाटता येतात, अंधार कमी करता येतो, हे मी बोटं फिरवत फिरवत शिकले होते. त्यामुळे दोन्ही अल्बम घरी आणले आणि खिडकीजवळच्या टेबलावर मांडून कामाला लागले.

फोटो काढणं सोपं होतं, निगुतीचं काम पुढेच होतं. कुठे पानाची काळी कड येई, कुठे खिडकीचा पांढरा डाग, कुठे माझ्याच डोक्याची सावली. एकेक फोटो घेऊन मी तो निवडत गेले, तांदूळ निवडावेत तसा. यजमान फॅक्टरीतून निवृत्त झालेले, मूळचे वर्ध्याकडचे. येता-जाता म्हणत, “काहून एवढं डोळे फोडून राहिली? लोक येतील, प्रसाद घेतील अन् चालले जातील.”

एका फोटोवर मात्र मी दोन दिवस घालवले. रंगमंचावर हातात निरांजन घेतलेली बाई उभी आहे, पण चेहरा पूर्ण काळोखात. मंडळाच्या अध्यक्षांनी आधीच सांगून टाकलं होतं, “तो पुरुष आहे. त्या काळी बायकांची कामं पुरुषच करत. मशीन शॉपमधला एक जण करायचा, पत्रिकेत त्याचंच नाव आहे.” मी सावली हळूहळू उजळत नेली, निरांजनाचा प्रकाश उतरवला, आणि काळोखातून एक चेहरा वर आला. नाजूक हनुवटी, किंचित वाकडा दात, थेट समोर बघणारे डोळे. मी फोन यजमानांपुढे धरला.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली घेतला. “हा पुरुष नाही वाटत,” ते म्हणाले. त्या दिवसापासून त्यांचं ‘काहून’ बंद झालं.

सगळे फोटो झाल्यावर फोन केबलनं घरच्या कॉम्प्युटरला जोडला, फोटोंचा फोल्डर उघडला आणि वरपासून जेवढं दिसलं तेवढं पेन ड्राइव्हवर ओढून घेतलं. ऑटो करून छावणीतल्या सदर बाजारात गेले. तिथे फोटो छापणारं एक मोठं दुकान आहे. काउंटरवरच्या गृहस्थानं पेन ड्राइव्ह लावला, दोनदा क्लिक केलं आणि मान हलवली.

“आंटी, ये फाइल खुलती ही नहीं. एचईआयसी है. जेपीजी में लाइए.”

“जेपीजी कैसे करते हैं?”

“घर में कोई बच्चा होगा, उससे करवा लीजिए.” आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मला राग आला तो त्याच्या ‘बच्चा’ या शब्दाचा. मी आयुष्यभर मुलांना वर्गसमीकरणं शिकवली होती, आणि आता एक फोटो उघडायला मुलं शोधत हिंडू? घरी येऊन मी पाणीही न पिता मुलाला फोन लावला. तो जबलपुरातच वाढलेला. मराठी सगळी कळते, बोलताना मात्र अर्ध्यात हिंदी शिरते.

“आई, ते नवीन फॉर्मेट आहे. फोनमध्ये जागा कमी लागते, पण हर कंप्यूटर में नहीं खुलता. तू व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठव ना.”

पाठवलं. एक फोटो नमुना म्हणून छापून आणला. हातावर मावेल एवढा ठीक होता, पण प्रदर्शनाच्या मापाला चेहरे उकडलेल्या बटाट्यासारखे फुटले. पाठवताना फोटो बारीक होतो, हे तेव्हा समजलं. पुन्हा मुलाला फोन.

“मग सेटिंगमध्ये जा. फोटोंच्या पानावर एकदम खाली बघ. कॉम्प्युटरवर देताना ‘मूळ ठेवा’ असं असेल, ते ‘आपोआप’ कर. मग केबलनं जेपीजी येतील.”

केलं. पुन्हा केबल लावली, फोल्डरमधले वरचे सगळे फोटो ओढले. या वेळी ते उघडले! मी यजमानांना हाक मारली. ते चहाचा कप घेऊन आले, तो टेबलावर ठेवून माझ्या खांद्यावरून वाकले.

फोटो उघडले होते, पण माझे नव्हते. काळ्या कडा होत्या तिथेच होत्या. खिडकीचा डाग होता. फोटो तिरपे होते. निरांजनवाली बाई पुन्हा काळोखात गेली होती. इतक्या दिवसांची मेहनत कुणीतरी पुसून काढावी तशी नाहीशी झाली होती.

आणि फोटोंच्या अध्येमध्ये कागदाच्या कोऱ्या पानासारखं चिन्ह असलेल्या बारीकशा फायली. नावाच्या शेवटी एएई. दाबून पाहिलं तर कॉम्प्युटर विचारतो, ही कशानं उघडू? साध्या लिखाणाच्या खिडकीत उघडली तर नुसती गिचमीड.

“व्हायरस तर नाही?” यजमान म्हणाले. “काढून टाक.”

काढून टाकायला माझा हात गेला होता, पण थांबला. प्रत्येक बारीक फाइलचा आकडा कुठल्या ना कुठल्या फोटोच्या आकड्याशी जुळत होता. आणि ज्या फोटोला मी हातच लावला नव्हता, अल्बमच्या पुठ्ठ्याचा, त्याच्याजवळ तसली फाइल नव्हती.

“हा व्हायरस नाही,” मी म्हटलं. “मी जिथे जिथे दुरुस्ती केली, तिथेच ही आहे.”

मुलानं फोनवर ते पक्कं केलं. “हाँ आई, फोन ओरिजिनलला हात लावत नाही. तू काय काय बदललं, ते त्या छोट्या फाइलमध्ये ठेवतो. पण कॉम्प्युटरला ते वाचता येत नाही.”

म्हणजे कॉम्प्युटरला पाककृती मिळाली होती, पण भाजी नव्हती. मला चैन पडेना. फोनवर फोटो उघडला की दुरुस्त केलेलाच दिसतो. म्हणजे शिजवलेली भाजीही कुठेतरी ठेवलेली असणारच. मी पेन ड्राइव्ह बाजूला ठेवला आणि केबलमधून थेट फोनचाच फोल्डर उघडला. या आधी प्रत्येक वेळी मी वरून सुरुवात करून, मला हवे तेवढे आकडे दिसले की थांबत होते. आता चाक फिरवत पार तळाला गेले.

तिथे एक वेगळीच रांग होती. आकडे तेच, पण प्रत्येक आकड्याआधी एक ‘ई’. अक्षर मध्ये आल्यामुळे कॉम्प्युटरनं त्या सगळ्यांना आकड्यांच्या खाली, शेवटी नेऊन बसवलं होतं. निरांजनवालीचा आकडा मला पाठ झाला होता. तोच आकडा ‘ई’सकट शोधला आणि दोनदा दाबलं.

ती माझ्याकडे बघत होती. हनुवटी, दात, डोळे, सगळं जागच्या जागी.

मी टेबलावर हात आपटला. खरंच आपटला, चहा सांडला. “सापडली! अहो, सापडली!” यजमानांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे, आणि फडकं आणायला गेले ते हसतच. मग मी ‘ई’वाल्या तेवढ्या सगळ्या फायली एकदम निवडल्या आणि पेन ड्राइव्हवर टाकल्या. हिरवी पट्टी शेवटपर्यंत भरली, तेव्हा निकालाच्या दिवशी शाळेत वाटायचं तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सदरच्या दुकानात त्या गृहस्थानं एकेक फोटो उघडला. उघडतच गेला. मग खुर्ची माझ्याकडे फिरवली.

“मैडम, ये किससे करवाया?”

“खुद किया.”

“हमारे पास रोज़ लोग आते हैं, कहते हैं एडिट गायब हो गया. हम तो वापस भेज देते हैं. एक बार बता दीजिए.”

मी त्याच्याच काउंटरवर, त्याच्याच कॉम्प्युटरवर, पेन्सिलीच्या टोकानं त्याला ‘ई’ दाखवला. मागे उभं असलेलं एक लष्करी जोडपंही वाकून बघत होतं. त्यातल्या बाईनं लगेच पर्समधून आपला फोन काढला.

प्रदर्शन आरतीनंतर उघडलं. निरांजनवाली मी मुद्दाम दाराशेजारी लावली होती, खाली मंडळाच्या सांगण्यावरून मशीन शॉपमधल्या त्या माणसाचं नाव. माणसं आपापले बाप, काका ओळखत फिरत होती. तेवढ्यात एक म्हाताऱ्या बाई सुनेचा हात धरून आत आल्या. त्या फोटोसमोर थांबल्या आणि वाकून खालचं नाव वाचू लागल्या.

“हे नाव चुकलं,” त्या म्हणाल्या. “ही मी आहे.”

अध्यक्ष पुढे झाले. “आजी, त्या वर्षी बायका नव्हत्या.”

“नव्हत्याच. मी विंगेत पुस्तक धरून बसायची, ज्याचं वाक्य अडेल त्याला सांगायला. चिठ्ठीवर ज्याचं नाव आहे, त्याला ऐन वेळी ताप भरला, उभं राहवेना. सगळ्यांची भाषणं मला पाठ. साडी माझीच, निरांजनही माझ्या देवघरातलं. पुढच्याच महिन्यात आमच्या ह्यांची बदली झाली, परत येणं झालं ते आता मुलासोबत. पत्रिका आधीच छापून झाली होती, म्हणून नाव त्याचं राहिलं.” आणि त्या हसल्या. तो किंचित वाकडा दात तिथेच होता.

सून बघतच राहिली. “आई, तुम्ही कधी बोलला नाहीत!”

“फोटोच नव्हता माझ्याकडे. कोणी मानलं असतं?”

अध्यक्षांनी फोटोखालची चिठ्ठी काढली, खिशातून पेन काढला आणि त्यांना विचारून नवीन चिठ्ठी लिहिली. हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. आजींनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि विचारलं, “चेहरा इतका स्वच्छ कसा आला ग? मी तर अंधारात उभी होते.” मी सांगायला लागले, आणि त्या खुर्ची ओढून घेऊन नीट ऐकायला बसल्या.

हॉल बंद करून निघालो तेव्हा यजमानांनी स्कूटर घराकडे न वळवता बाजाराकडे घेतली. “चलो, आज खव्याची जिलबी,” ते म्हणाले. गरम जिलबी पानाच्या दोन्यात घेऊन आम्ही दुकानाच्या पायरीवर उभे राहिलो. पाक माझ्या बोटांवरून मनगटापर्यंत ओघळला. त्यांनी दुसरा दोना मागवला, आणि दुकानदाराला, ओळख ना पाळख, सांगायला सुरुवात केली, “भैया, इन्होंने पता है आज क्या किया?”